लोकल बोर्डाच्या काळातील एकखोली शाळा: निर्लेखनापूर्वी काय तपासावे आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातील जुनी प्राथमिक शाळा दगडी भिंतींची, कौलारू आणि एकाच खोलीची आहे. शेजारी स्लॅबची नवी इमारत उभी राहिल्यापासून ती बंद आहे, आणि आता तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती दप्तरातून कमी करून पाडण्याचा, प्रस्ताव पुढे आला आहे. इमारतीवर सन कोरलेला नसताना तिचा इतिहास कसा शोधावा, आणि ती पाडण्याऐवजी दुरुस्त होऊ शकते का, हे शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य या नात्याने आपल्याला जाणून घ्यायचे आहे. जुन्या दगडी-लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करीत असून त्यांत अशा खेड्यांतील शाळाही आल्या आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘होय’ असे असते. मात्र दुरुस्तीचे अंदाजपत्रक करण्याआधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती असावे लागते, कारण जिचे वय आणि महत्त्व कागदावर नाही अशी इमारत सरकारी दप्तरात केवळ ‘धोकादायक वर्गखोली’ म्हणून नोंदली जाते आणि त्या नोंदीपुढे कोणाचे काही चालत नाही.

निर्लेखन सुचविणाऱ्या अभियंत्याला खलनायक समजू नये, हेही सुरुवातीलाच सांगतो. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेचे छत कोसळून मुले दगावली. ज्याच्या सहीने इमारत वापरात राहणार आहे त्या माणसाने सावध असणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की त्याच्या तपासणीच्या नमुन्यात तडा, गळती, वाकलेले वासे एवढेच विचारलेले असते. ते दुरुस्त होण्याजोगे आहे का, हा प्रश्न त्यात बहुधा नसतोच. निर्लेखनाच्या प्रस्तावाला शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडला जातो, हे आपल्या फायद्याचे आहे. ‘दगडी बांधकामाचा व जतनाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत प्रस्ताव पुढे पाठवू नये, तोपर्यंत खोली कुलूपबंद ठेवावी आणि मुलांना तिच्या पडवीतही बसू देऊ नये’ असा ठराव करावा. त्यातील शेवटचा भाग गाळू नये. आपण सुरक्षिततेबद्दल बेफिकीर नाही हे त्यातूनच दिसते.

आता इतिहास. गावच्या शाळेला स्वतःची इमारत असणे ही फार जुनी गोष्ट नाही. पंतोजींच्या शाळा देवळाच्या सभामंडपात, कोणाच्या ओसरीवर किंवा पंतोजींच्या घरीच भरत. मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत आणि मोबदला पुष्कळदा धान्याच्या रूपाने दिला जाई. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेण्याची पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली, १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली आणि त्या निधीचा एक तृतीयांश हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. म्हणजे आपल्या शाळेच्या भिंती गावाच्या शेतसाऱ्याबरोबर वसूल झालेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या असण्याची शक्यता दाट आहे. ज्या शेतकऱ्याकडून हा पैसा वसूल होतो त्याच्या मुलापर्यंत शिक्षण पोहोचत नाही, अशी जोतीराव फुले यांची तक्रार होती आणि १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी ती स्पष्ट शब्दांत मांडली. प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे असावे, अशी शिफारस त्या आयोगाने केली. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांची रचना झाली, १९२३ च्या कायद्यानंतर शाळांचा कारभार स्कूल बोर्डांकडे आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर या सगळ्या इमारती त्यांच्याकडे वर्ग झाल्या. कागद शोधताना हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण प्रत्येक टप्प्यावर दप्तराचा मालक बदललेला आहे. आपले गाव विदर्भात असेल तर मध्यप्रांताची दप्तरे व १९४८ नंतरच्या जनपद सभांची कागदपत्रे पाहावी लागतील. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानची पाहावी लागतील आणि त्यासाठी उर्दू वाचणारा माणूस लागेल. कोल्हापूर संस्थानातील गाव असेल तर १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या आदेशानंतरची कागदपत्रे आधी धुंडाळावीत.

पण पुराभिलेख कार्यालय गाठण्याच्या आधी शाळेचेच कपाट उघडावे. जनरल रजिस्टर म्हणजे प्रवेश-निर्गमाची नोंदवही हा आपला सर्वात मोठा पुरावा आहे. तिच्यातील पहिली नोंद शाळा सुरू झाल्याचा काळ दाखविते, इमारत बांधल्याचा नव्हे. शाळा चावडीत किंवा धर्मशाळेत दहा-वीस वर्षे भरून नंतर इमारतीत गेली असे अनेक गावांत घडले आहे. इमारतीचा काळ कळतो तो शेरेबुकातून. तपासणीला येणारे डेप्युटी इन्स्पेक्टर पटसंख्या आणि मुलांचे पाढे यांच्याबरोबर जागेबद्दलही लिहीत, आणि ‘नवीन इमारतीत शाळा भरू लागली आहे, कौले अद्याप चढावयाची आहेत’ अशा एका ओळीने सारा उलगडा होतो. जडसंग्रह नोंदवहीत घंटा, फळा, टेबल, नकाशे कधी आले हे सापडते. प्राथमिक शाळेत मोडी शिकविली जाई, त्या काळातील नोंदी मोडीत असू शकतात. वाचता येत नाहीत म्हणून त्या रद्दीत घालू नयेत. १९६७ पूर्वीच्या शाळेच्या नोंदींना जातीच्या दाखल्यासाठी किती मोल आहे हे आता गावोगाव ठाऊक आहे, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर धूळ खात पडलेली मोडी रजिस्टरे अचानक महत्त्वाची झाली. या वह्यांचे प्रत्येक पान सपाट ठेवून, उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात, छायाचित्रित करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या बांधू नयेत, आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी तर कधीच लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक कागद खाऊन टाकतो.

कागद मिळालेच नाहीत तरी इमारत स्वतः पुष्कळ सांगते. शिडी लावून एक कौल उतरवावे आणि उलटे करून पाहावे. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव, कधी गाव, कधी एखादे चिन्ह ठसठशीत उमटलेले असते. मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे अशी कौले असलेले छप्पर त्याहून जुने असू शकत नाही. मात्र भिंती जुन्या आणि कौले नंतरची असे होऊ शकते, म्हणून कौलाच्या वयावरून भिंतीचे वय ठरवू नये. आढ्याजवळच्या वाशांवर आधीच्या नळीच्या कौलांच्या छपरासाठी मारलेल्या खिळ्यांच्या खुणा आहेत का, ते पाहावे. लाकूड करवतीने सरळ कापलेले आहे की वाकसाने तासलेले आहे, खिळे चौकोनी घडीव आहेत की गोल तारेचे, भिंत मातीत बांधलेली आहे की चुन्यात, दाराची चौकट भिंतीबरोबर बसविलेली आहे की नंतर भिंत फोडून, या प्रत्येक गोष्टीची नोंद व छायाचित्र घ्यावे. भिंतीवरचे डिस्टेंपर एका कोपऱ्यात तळहाताएवढे हलक्या हाताने खरवडून पाहावे. खाली चुन्याच्या पांढरीचे थर निघतात, त्याखाली गेरूची पट्टी, आणि कधीकधी चक्क काळ्या रंगात लिहिलेला सुविचार किंवा सवायकीच्या पाढ्याचे अंक. याशिवाय जिल्ह्याचे जुने गॅझेटियर आणि १९६१ पासूनच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका पाहाव्यात. त्यांत गावनिहाय सुविधांमध्ये शाळेचा उल्लेख असतो. जागेची मालकी मात्र स्वतंत्रपणे तपासावी. शाळेसाठी तोंडी दिलेल्या जमिनीवर तिसऱ्या पिढीने हक्क सांगितल्यामुळे चांगले काम अर्धवट थांबलेले मी पाहिले आहे, म्हणून गावठाणाची मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांतील नोंद आधी हाती घ्यावी.

यानंतर माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा येतो, आणि नेमका तोच दुरुस्तीच्या गडबडीत हरवतो. या इमारतीत जतन करण्यासारखे काय आहे? कोरीव काम नाही, कमानी असल्याच तर साध्या आहेत, कोणी थोर माणूस तिथे शिकला असेल किंवा नसेलही. जतन करण्यासारखी आहे ती तिची एक खोली. बिगरीपासून चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एका शिक्षकाला एकाच वेळी सांभाळायचे, तर त्याला प्रत्येक मूल दिसले पाहिजे, एका रांगेचे पाढे चालू असताना दुसऱ्या रांगेचे शुद्धलेखन चालले पाहिजे आणि मोठ्या मुलांनी लहानांना अक्षरे गिरवायला लावली पाहिजेत. या गरजेतून ती लांबट, मध्ये खांब नसलेली जागा आली. छपराला लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) दिल्या त्या मधले खांब टाळण्यासाठीच. समोरासमोरच्या लांब भिंतींत खिडक्या आहेत, कारण वीज नव्हती आणि मुलांच्या पाटीवर दोन्ही बाजूंनी उजेड पडायला हवा होता. भिंतीतील कोनाडे पाट्या-पुस्तकांचे आहेत. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून आलेल्या ‘खडू-फळा’ मोहिमेने प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असे ठरविले, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठपर्यंतच्या पटालाही दोन शिक्षक बंधनकारक केले. मुलांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. एकशिक्षकी शाळेच्या आठवणी कितीही गोड असल्या तरी शिक्षक आजारी पडला की ती शाळा बंद असे. पण त्यामुळे ही खोली एका संपलेल्या शिक्षणपद्धतीचा जवळजवळ एकमेव मूर्त पुरावा ठरते. म्हणून तिच्यात प्लायवूडचे पार्टिशन घालून ‘दोन वर्ग’ करणे, कैच्यांखाली पीओपीचे छत लावणे किंवा एका बाजूच्या खिडक्या बुजवून कपाटे करणे, हे पाडण्याच्या खालोखाल नुकसान आहे असे मी मानतो.

प्रत्यक्ष दुरुस्तीत पहिला आणि शेवटचा विषय पाणी हाच आहे. अशी इमारत वरून पाणी आल्याने किंवा खालून ओल चढल्याने मरते. नुसत्या वयाने मरत नाही. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती उभे राहावे आणि पागोळ्यांचे पाणी कोठे पडते, कोठे साचते ते पाहावे. बहुतेक ठिकाणी असे आढळते की गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आवारात मुरूम, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक यांचे थर चढत गेले आणि मूळचे दीड-दोन फूट उंच जोते जेमतेम सहा इंच उरले. ते थर भिंतीपासून निदान तीन फुटांपर्यंत काढून, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार देऊन उघडा चर करावा. याला विशेष खर्च येत नाही आणि भिंतीची बरीच ओल उतरते. काळ्या जमिनीवरच्या इमारतीत तड्यांची गोष्ट वेगळी असते. ती जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून मे महिन्यात बोट जाईल एवढा दिसणारा तडा सप्टेंबरात मिटलेला असतो. अशा तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या दोन ठिपक्यांत काचेची पातळ पट्टी आडवी बसवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी वर्षभर शाबूत राहिली तर तडा जुना आहे, तो भरून घ्यावा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे आणि कारण पायात शोधावे लागेल. भिंतीला पोट सुटले आहे का, ते ओळंबा लावून दर चार फुटांवर मोजावे. जुन्या भिंतीत दोन बाजूंना दोन थर आणि मध्ये माती-गोट्यांचा भराव असतो; दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड कमी असले की भराव भिजून खाली बसतो आणि बाहेरचा थर फुगतो. तेवढाच भाग टेकू देऊन, दगडांना क्रमांक घालून उतरवून पुन्हा बांधता येतो.

सिमेंटविषयी मी अनुभवाने बोलतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळातील एका शाळेच्या कामात भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, मी सिमेंटने भरून घेतल्या; गवंड्याला ते सोपे होते, गावकऱ्यांना मजबूत वाटले आणि मलाही वेळ वाचल्याचे समाधान होते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूचा गिलावा कमरेपर्यंत फुगून सुटू लागला आणि त्याखाली लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा पिठूळ थर जमला. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल पूर्वी मातीच्या आणि चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडत असे; मी बाहेरची वाट बंद केल्यामुळे ती आत वळली आणि बरोबर क्षार घेऊन आली. ते सिमेंट नंतर छिन्नीने काढताना दगडांच्या कडा दुखावल्या, त्या आजही तशाच आहेत. तेव्हापासून मी दर्जांसाठी चुना वापरतो. एक भाग चांगला मुरलेला चुना, एक भाग सुरकी (विटांची भुकटी) आणि दोन भाग वाळू हे प्रमाण मी सुरुवातीला धरतो आणि दोन-तीन ठिकाणी हातभर नमुना करून महिनाभराने पाहतो. चुना आदल्या दिवशी आणून दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. चुनकळी विरवून काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावी लागते आणि काम झाल्यावर दहा-पंधरा दिवस गोणपाटाने ओले ठेवावे लागते. जांभ्याच्या भिंती असल्या तर हे सगळे अधिकच काटेकोरपणे पाळावे, कारण जांभा पाणी पितो.

छप्पर बदलून पत्रे टाकण्याची सूचना हमखास येईल. ती स्वीकारू नये. पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसात शिकविणाऱ्याचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. कौले उतरवून धुवावीत, टिचकी मारून खणखणीत वाजणारी बाजूला काढावीत, फुटलेल्यांच्या जागी पाडलेल्या जुन्या घरांची त्याच मापाची कौले आणावीत. कैचीचे लाकूड बहुधा मध्यभागी ठणठणीत असते आणि भिंतीत शिरलेले टोक तेवढे कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले असते. संपूर्ण कैची बदलण्याची गरज नसते. कुजलेले टोक कापून जुन्या सागवानाचा तिरका जोड बोल्टने बसवावा आणि टोकाभोवती हवा खेळेल एवढी फट ठेवावी.

भूकंपाची भीती दगडी भिंतींना ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने चिकटली, आणि ती निराधार नाही. मातीत रचलेल्या जाड भिंती आणि त्यावरचे मातीचे जड माळवद यांनी तिथे माणसे गाडली. आपल्या शाळेचे छप्पर कौलारू, म्हणजे त्या मानाने हलके आहे, ही जमेची बाजू आहे. तरीही अशा कमकुवत दगडी बांधकामासाठीचे भारतीय मानक आयएस १३८२८ सांगते की आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला असावेत. जुन्या भिंतीत ते नसतील तर ठरावीक अंतरावर दगड काढून, टोकाला आकडा (हूक) असलेली सळई घालून काँक्रीटचे बंध करता येतात, आणि छपराखाली चारी भिंतींना एकत्र धरणारा पट्टा देता येतो. सिमेंटला माझी हरकत आहे ती दर्जांत आणि गिलाव्यात. भिंतीच्या पोटातील या मोजक्या बंधांना नाही. हे काम मात्र संरचना अभियंत्याच्या आरेखनाशिवाय करू नये, कारण पुढे वापराचे प्रमाणपत्र त्यालाच द्यावे लागणार आहे.

निधीबाबत एवढेच सांगतो की कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचे जतन हे दोन्ही विषय कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चासाठी मान्य आहेत, त्यामुळे प्रस्तावात दोन्ही बाजू दाखवाव्यात. राज्य संरक्षित स्मारकाच्या दर्जाच्या मागे लागू नये. अशा साध्या इमारतीला तो मिळणे अवघड असते आणि मिळाला तर रोजच्या वापरावर बंधने येतात.

वापराचा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. पुण्यातील भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, तो स्मारकाचा वाद वर्षानुवर्षे चालता चालता मोडकळीस आला आणि नव्या स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडावा लागला. इतक्या नावाजलेल्या वास्तूचे हे झाले, तर आपल्या खोलीला फक्त ‘वारसा’ या शब्दाचा आधार पुरणार नाही. संग्रहालय करून कुलूप लावणे हा मार्ग मी सुचवीत नाही; उद्घाटनानंतर वर्षभरात तिथे खताच्या गोण्या येतात. नव्या इमारतीतील वर्गांनी आळीपाळीने आठवड्यातून एक दिवस इथे बसावे, शाळेचे ग्रंथालय इथे हलवावे, जनरल रजिस्टरांच्या छायाचित्रांच्या प्रती इथेच पाहता याव्यात. रोज दार उघडले की गळती पहिल्याच दिवशी लक्षात येते आणि वाळवीही.

कामाचे वेळापत्रक पावसाच्या हिशेबाने लावावे. या पावसाळ्यात फक्त ताडपत्री, चर आणि काचेच्या पट्ट्या. चुना गणपतीच्या सुमारास मुरत घालावा, म्हणजे दसऱ्यानंतर दर्जा आणि गिलाव्याचे काम सुरू करून ते होळीच्या आत आटोपता येईल. छपराचे काम त्यानंतर, मे संपण्यापूर्वी. आणि गवंड्याशी करार लिहिताना एक ओळ न विसरता घालावी: दाराच्या दगडी पायरीला हात लावू नये. त्या पायरीच्या कडेला बोटभर लांबीचे गुळगुळीत खळगे आहेत का, ते आज संध्याकाळी तिरप्या उन्हात जाऊन पाहावे. पाटीवरच्या पेन्सिलीला टोक काढण्यासाठी मुले ती दगडावर घासत, आणि एकाच जागी अनेक वर्षे घासून ते पडलेले असतात. पायरी ‘नीट’ करण्याच्या उत्साहात गवंडी तिच्यावर टाकी चालवितो आणि अर्ध्या तासात ते खळगे जातात.